ओठावरचे फोड

ताप उतरला आणि सुभद्रेच्या ओठावर पाण्याने भरलेले फोड उठले. हा महारोग, आता घरचे आपल्याला वाडीबाहेर काढणार, या धास्तीने पदरात तोंड लपवून ती कट्टा गावच्या डॉक्टरांकडे गेली.

"खरा सांगा, माका महारोग झालो मां?"

"छे हो! तापानंतर येतात असे फोड. हे जांभळं औषध लावा, खपली धरून जातील."

"देवा रवळनाथा, पावलंस रे!" तिने तोंडावरचा पदर सोडला.

"फक्त ते सुकेपर्यंत तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "मोठ्यांना साधे, पण बाळाच्या जिवावर बेततात."



सकाळी निघताना, पुन्हा दिसायचा नाही म्हणून, तिने पाचवीही न पुजलेल्या तान्ह्या नातवाला उराशी धरून त्याचे पोटभर मुके घेतले होते.