पद्मजाताईंचं जाकीट

पद्मजाताई तिसऱ्यांदा सायकलवरून पडल्या, तेव्हा त्यांच्या जाकिटात शिवलेले चारही फोन एकदम फुगले. हातातून निसटलेला फोन जमिनीला लागण्याआधीच स्वतःभोवती हवेची उशी फुगवतो, हे एव्हाना मिरजेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण खुब्याचं हाड मोडल्यापासून पडण्याच्या धास्तीने घरात बसलेल्या पद्मजाताईंना त्या उशीचा वेगळाच उपयोग सुचला. जाकीट शिवून झालं, तशी त्यांनी सत्तराव्या वर्षी सायकल शिकायला घेतली.

मैदानात पडल्या पडल्या त्या हसत होत्या, तेवढ्यात फोन कंपनीचा तरुण वकील समोर येऊन उभा राहिला.

"आजी, या उशीचं पेटंट आमचं आहे. ती फक्त फोन वाचवायला वापरायची, माणूस वाचवायला नाही. जाकीट द्यावं लागेल."

"अरे, मग फोनच वाचतायत की! बघ, एकावर तरी ओरखडा आहे का? मी आपली त्यांचं कव्हर."

वकिलाने चारही फोन निरखून पाहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याला हसूच फुटलं. "आजी, कायद्याने तुम्हाला हात लावता येणार नाही."

"मला नको लावूस, सीटला लाव. मागून धर जरा."

तो सीट धरून धावला, धापा टाकू लागला आणि शेवटी त्याचा हात सुटला. पद्मजाताई डुगडुगत फाटकातून थेट रस्त्यावर गेल्या.

"आजी, ब्रेक दाबा!" तो ओरडला.

"छे रे, आत्ता तर कुठे निघालेय!"