गरम आहेत तोवर

"शाली त्यांच्याकडे ढीगभर असतील. उकडीचे मोदकच द्यायचे," आईने ठरवलं. मला जपानी शिकवता शिकवता लिमये सेन्सेईंचे केस पिकले होते, पण शेवटी मला ओसाकात नोकरी लागली. गरम मोदकांचा डबा घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो.

सेन्सेईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तसाच बाजूला ठेवला.

"देणाऱ्यासमोर भेट उघडायची नाही, ही जपानी रीत."

"अहो, गार होतील!" आई कळवळली.

सेन्सेई ढिम्म. मग मी आईला जिन्यात नेलं आणि दार ओढून घेतलं. आता देणारे समोर नव्हते.

थोड्या वेळाने दार उघडलं. तोंडात मोदक असतानाच सेन्सेई आईपुढे कंबरेत वाकल्या.

"तुम्ही काय वाकताय? पोराला मार्गी तुम्ही लावलंत!" म्हणत आई त्यांच्याहून खाली वाकली.

आधी सरळ कोणी व्हायचं, ते ठरेना. शेवटी मी दोघींच्या पाया पडलो.