झिजलेली पट्टी

"हे संग्रामचं इंजिन नाही," आई शेडच्या दारातून म्हणाली. "त्याचं लंगडायचं. ते ऐकूनच मी चहा टाकायचे."

मी इंजिन बंद केलं. संग्रामदादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. उद्याच्या रेसमध्ये त्याची गो-कार्ट मी चालवणार होते, म्हणून इंजिन खोलून नव्याने बांधलं होतं.

या इंजिनात पिस्टन नसतो. लंबगोल पोकळीत तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही कोपऱ्यांवर बारीक पट्ट्या असतात, त्या भिंतीला घासत दाब कोंडून धरतात. दादाची एक पट्टी झिजली होती. तिच्या दोन्ही बाजूंनी दाब निसटायचा, म्हणून इंजिन दोनदा फुसकायचं आणि एकदा ठोकायचं. "पुढच्या रेसला बदलू," असं म्हणत त्याने ती कधी बदललीच नाही. मी बदलली. आता इंजिन एका सुरात घुमायचं.

"आई, जुनी पट्टी घातली तर उद्या मी शेवटची येईन."

आई आत गेली.  मी भंगाराच्या डब्यातून ती पट्टी शोधली, इंजिन पुन्हा खोललं आणि ती तिच्या जुन्या कोपऱ्यात बसवली.

फुस, फुस, ठक.

आत कपबशा वाजल्या. "संग्राम, हात धुऊन ये!" आईची हाक आली, तो असताना रोज यायची अगदी तशी.

दादा तोंडाने कधी ओ द्यायचा नाही, एकदाच ॲक्सिलरेटर दाबायचा.

मी दाबला.