शुभेच्छुक

गुलनाज शिडीवर उभी होती, दोन्ही हातांनी फळी डोक्यावर धरून. खाली अब्बानं शिडी धरली होती, अन् रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली कमिटी माना वाकड्या करून पाहून राह्यली होती.

जुन्या कापूस पेठेत दुकानाची पाटी लावायची असली का आधी अशी धरून दाखवा लागे. कमिटी समोरून पाहे. जुन्या घराले शोभली तर ठीक, नाही तर उतरवा.

"जरा डावीकडं घे, पोरी," उत्तमराव म्हणाले. ते कमिटीचे अध्यक्ष.

तिनं घेतली.

"आता थोडी वर."

तिनं वर केली. खांदे भरून आले. घाम डोळ्यात उतरला, पण पुसायले हात कुठून आणावा?

मागच्या खेपेले तिनं फ्लेक्स आणला, तर कमिटी म्हणे फ्लेक्स चालत नाही, लाकूड पाह्यजे. म्हणून ही फळी. तिनं स्वतः घासली, स्वतः रंगवली. 'गुलनाज लेडीज टेलर.' गुलाबी अक्षरं.

"गुलाबी खुपते हो डोळ्याले," सुवर्णाताई म्हणाल्या. कमिटीत रंगाचं त्याच पाहत. "शंभर वर्साचं सागवानी घर हाये हे. त्याच्यावर गुलाबी?"

"मंग कोणता देऊ, ताई?"

"तपकिरी दे."

"तपकिरी लाकडावर तपकिरी? वाचंल कोण?"

"घर दिसलं पाह्यजे, पोरी. पाटी नाही."

"चुप, बेटा," अब्बा खालून पुटपुटला. मग मोठ्यानं म्हणाला, "जी मॅडम, तपकिरी करून टाकतो."

रमजान तोंडावर आला होता. ईदचे कपडे शिवायले टाकणाऱ्या बाया गल्लीच्या तोंडावरून सरळ बसस्टँडच्या टेलरकडं चालल्या होत्या. या ओट्याच्या आत मशीन बसली हाये, हे त्यायले माहीतच नव्हतं. अन् अब्बानं घरात साफ सांगून ठेवलं होतं. ईदपर्यंत दुकान चाललं तर चाललं. नाही तर मशीन जळगाव जामोदच्या फुफीकडं, अन् तू चुलीपाशी.

गुलनाजनं दात दाबले. शिडीवरून तिले कमिटीच्या डोक्यावरचं दिसत होतं. लिंबाच्या फांद्यांच्या वर समोरच्या घराची माडी, अन् माडीच्या नक्षीदार खिडक्या झाकून टाकणारा हा एवढा मोठा फ्लेक्स. त्याच्यावर फेटा बांधून, हात जोडून खुद्द उत्तमराव. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. फ्लेक्सचं एक टोक लाकडी मोराच्या मानेत खिळा ठोकून अडकवलेलं.

"काका," ती वरूनच म्हणाली, "तो तुमचा फ्लेक्स कोणत्या कमिटीनं पास केला?"

अब्बाच्या हातातली शिडी हालली.

उत्तमरावांनी मागं वळून पाह्यलं, अन् हसले. "तो व्हय? तो काय धंद्याचा बोर्ड हाये काय? शुभेच्छा हायेत त्या. शुभेच्छांले परवानगी लागते काय कुठी?"

"लागत नाही?"

"लोक प्रेमानं लावतात, बाप्पा. मी काय त्यायले नाही म्हणू?"

कमिटी हसली. गुलनाजचं डोकं असं सणकलं का फळी तशीच खाली सोडून द्यावी, पडंल त्याच्या डोक्यात. पण तिची नजर अजून त्या फ्लेक्सवरच होती. उत्तमरावांच्या जोडलेल्या हाताखाली शुभेच्छुकांची रांग. कोणी फोन कानाले लावलेला, कोणी काळा गॉगल घातलेला. एकाच्या नावाखाली कृषी सेवा केंद्र. दुसऱ्याच्या नावाखाली मोबाइल शॉपी, खाली नंबर.

ती गुपचूप उतरली. फळी अब्बाजवळ देल्ली.

"शिडी नेऊ नका, अब्बा," ती म्हणाली. "उद्या लागंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी कमिटी पुढच्या घराची पाटी पाहायले निघाली, ते गुलनाजच्या ओट्यासमोर येऊन थबकली.

फ्लेक्स होता. खिळा एकही नव्हता. कापडाच्या लाल-हिरव्या कतरणी वळून, त्यायनंच चारही टोकं खांबाले बांधली होती. वर उत्तमराव. गुलनाजचा मामेभाऊ वकार फ्लेक्स छापे, त्यानं त्यायचे केस काळे कुळकुळीत करून देल्ले होते अन् गळ्यात हार टाकला होता. त्याच्या खाली, हाताएवढ्या अक्षरात, 'शुभेच्छुक : गुलनाज लेडीज टेलर. पंजाबी ड्रेस, ब्लाऊज, फॉल-पिको. ईदचे कपडे वेळेवर भेटतील. दुकान याच ओट्यावर.' शुभेच्छुकाच्या फोटोच्या जागी शिलाई मशीन.

सारी अक्षरं गुलाबी.

ओट्यावर तीन बाया थैल्या घेऊन बसल्या होत्या. चवथीचं माप घेणं चालू होतं.

"हे काय लावलं, पोरी?" उत्तमरावांचा आवाज चढला.

"शुभेच्छा, काका," गुलनाज म्हणाली. "प्रेमानं."

उत्तमरावांनी एकदा वर स्वतःकडं पाह्यलं. मग उगाच डोक्यावरून हात फिरवला. रस्त्यानं जाणारा एक जण सायकल हळू करून म्हणाला, "जबरदस्त दिसून राह्यले, भाऊसाहेब!"

"फोटो बरा निघाला तसा," उत्तमराव हळूच म्हणाले. अन् मग कमिटीले ऐकू जाईल असं म्हणाले, "पण वाढदिवस झाला का उतरवजो."

"उतरवीन न, काका. दुसऱ्याच दिवशी."

तिनं टेप त्या बाईच्या खांद्यावर ताणला, आकडा मनात धरला, अन् वर न पाहता विचारलं, "सुवर्णाताई, तुमचा वाढदिवस कोणत्या महिन्यात येते हो?"