केशरी जाकीट

"हाच रंग," अंबरीष म्हणाला, आणि प्रणिताने कितीही नाक मुरडलं तरी ते भडक केशरी जाकीट पिशवीत पडलंच. ज्या देशात माणसं काळ्या-करड्याशिवाय अंगावर काही घालत नाहीत, तिथे बायकोचा झेंडा करून मिरवायची ही कसली हौस? पण तो म्हणाला, गर्दीत चुकामूक व्हायला नको, तू लगेच दिसायला हवीस. ती विरघळली. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, एवढ्यातेवढ्यावर विरघळायचेच दिवस होते.

त्या सुमाराला सॉफ्टवेअरवाली मराठी पोरं थव्याने जपानात उतरत होती. हे दोघं टोकियोशेजारच्या ग्योतोकुला राहत. तो रोज टोकियोत कामाला जाई, ती घरी जपानी अक्षरं गिरवी. रविवार मात्र दोघांचा. पूर्वी ते सायकली काढून नदीकाठाने लांबवर जात. उन्हाळ्यात अंबरीषने सायकली बंद केल्या. प्रणिताला दिवस गेले होते, तेव्हा ते ठीकच होतं. आता ते पायी हिंडत.

हिंडताना त्याचे एकेक चाळे चालत. स्टेशनात उंचवट्यांची पिवळी पट्टी असते, तिच्यावरूनच चालायचं, शाळकरी पोराने कठड्यावरून चालावं तसं. पाट्या हिलाच वाचायला लावायच्या, तुझा अभ्यास होतो म्हणून. आणि सिग्नलपाशी आला की डोळे मिटून उभा. तिथले सिग्नल पाखरांसारखे बोलतात. एका दिशेचा रस्ता मोकळा झाला की चिवचिव, दुसऱ्या दिशेचा झाला की कुहूकुहू. कुठल्या आवाजाला घर येतं, हे तो पाठ करी. बाप व्हायला निघालास, आता तरी मोठा हो, असं म्हणून प्रणिता हसे.

बागेत बाकावर बसले की तो टक लावून तिच्या तोंडाकडे बघत राही, इतका वेळ की ती लाजून चिवड्याचा डबा पुढे करी. त्याचा हात डब्याच्या बाजूला पडे. लक्ष कुठाय, म्हणून ती चापटी मारी. सुखाचे दिवस होते ते.

मग सांगलीहून प्रणिताच्या आईचे फोन सुरू झाले. सातवा लागतोय, तिकीट कधी काढताय? पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं ते काय? पण अंबरीष म्हणाला, इथेच करू. आई दुखावल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही नवल वाटलं. जपानी मुलीसुद्धा बाळंतपणाला माहेरी जातात, मग तुम्ही का पाठवत नाही, असं त्यांनी हसत विचारलं. अंबरीषने बुटांकडे बघत मान हलवली.

प्रणिताच्या मनातली भीती वेगळीच होती. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्या दुपारी ती घरात एकटी होती, आणि शेजारणीला काय झालंय हे सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हते. आता तिला आई हवी होती, दुसरं काही नको होतं. डॉक्टरांनीही या खेपेला अंबरीषला बाजूला घेऊन बजावलं होतं, यांच्या मनाला धक्का लागेल असं काही होऊ देऊ नका.

शेवटी एका रविवारी नदीच्या बांधावर तिने विषय काढलाच. का अडून बसलायस, ते तरी सांग म्हणाली.

"मला बाळाचं तोंड पहिल्याच दिवशी बघायचंय," तो म्हणाला.

"बाळ काय पळून जातंय? तीन महिन्यांचं झालं की घेऊनच येते. मग बघत बस पोटभर."

त्याने मानेनेच नाही म्हटलं. प्रणिताला रडू फुटलं. या खेपेलाही काही झालं तर मी जगणार नाही, असं ती म्हणून बसली. तेव्हा त्याने चाचपत तिचा हात हातात घेतला.

"जा तू," तो म्हणाला. "आईंकडे जा. माझं काही नाही."

नोव्हेंबरात ती गेली. फेब्रुवारीत मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला अंबरीष आला नाही. रजा मिळत नाही म्हणाला. सांगलीकरांनी टोमणे मारायचे ते मारले. असा कसा बाप, मावशा म्हणाल्या. प्रणिताने सायबर कॅफेत जाऊन भरपूर फोटो पाठवले. फोनवर तो "गोड आहे, गोड आहे" एवढंच म्हणत राहिला.

"नाक कुणावर गेलंय, सांग," तिने एकदा मुद्दाम विचारलं.

"तुझ्यावर."

ती थोडी खट्टू झाली. अख्खं घर सांगत होतं, नाक बापाचं आहे, अगदी तसंच टोकाशी किंचित वाकलेलं. या माणसाने फोटो धड बघितले तरी की नाही?

मेच्या सुरुवातीला ती परतली. नारिता विमानतळावर उतरल्यावर उकडत होतं, तरी तिने ते केशरी जाकीट चढवलं. मुलीला छातीशी धरून ती दारातून बाहेर आली आणि अंबरीष समोरच दिसला, शेजारी ऑफिसातला एक जपानी गृहस्थ. तिने हात हलवला. अंबरीष तिच्याकडेच बघत होता, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही. तिने पुन्हा हात हलवला. मग तिला रागच आला. इतक्या महिन्यांनी येतेय आणि हे असं? तरातरा जाऊन ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि त्याला हाक मारली.

तो दचकला, हसला, आणि आवाजाच्या रोखाने वळला, पण थोडा चुकीचा. तेव्हा कुठे तिला त्याच्या हातातली पांढरी काठी दिसली. काठी त्या गृहस्थाकडे देऊन त्याने बोटं पुढे केली. ती बोटं मुलीच्या कपाळाला लागली, भुवयांवरून हळूहळू खाली उतरली आणि नाकाच्या टोकाशी थांबली.

"माझंच आहे की गं," तो म्हणाला.