भ्यालेलं मत

महापालिकेचं मतदान संपत आलं, तरी घरीच बसलेल्या मृण्मयीच्या मनगटावरचा, भीती मोजणारा सरावाचा पट्टा लालच होता. दमदाटी करून कुणी मतं घेऊ नयेत, म्हणून केंद्रावरचं यंत्र आता भ्यालेल्या माणसाचं मत बादच करायचं.

"छातीत नाशिक ढोल वाजतोय का तुझ्या?" तिचा नवरा हेरंब म्हणाला. "मागच्या वेळीही बाद झालं. माझा बघ, लगेच हिरवा."

"तुला कसली काळजी असते रे? नळाच्या पाण्यानं आपल्या ओवीला दुसऱ्यांदा कावीळ झालीय. जो ते पाणी सुधारेल त्यालाच मत द्यायचंय मला. शांत कशी राहू?"

"अगं, म्हणून तर गोळी आणलीय. सोसायटीतल्या सगळ्या आया घेतात."

तिनं गोळी घेतली. हळूहळू खांदे सैल पडले, आणि पट्टा हिरवा झाला.

"जमलं! चल, ऊठ. कुणाला द्यायचं ते ठरलंय ना?"

"कुणालाही," ती म्हणाली.

आतल्या खोलीत सासूबाईंजवळ निजलेली ओवी किंचाळत उठली. मृण्मयीनं ते नीट ऐकलं आणि चपला घातल्या. पट्टा हिरवाच राहिला.