बेचाळीस सह्या

खुर्सीपारमधली त्यांची गल्ली व्यापारी क्षेत्र ठरवून तिथली घरे पाडण्याच्या प्रस्तावावर आज सुनावणी होती. छत्तीस वर्षे पोलादाच्या कारखान्यात हजेरी लावल्यावाचून हत्याराला हात न लावलेल्या सुखरामने सभागृहाच्या दारातच शेजाऱ्यांना अडवले. “पहिले सही करा, नाही त गैरहाजर धरतीन!” मेजावरची पहिलीच वही ओढून त्याने बेचाळीसही घरांच्या सह्या घेतल्या, सिंधुताईंचा अंगठा हात धरून उमटवला. मग हरकत मांडायला तो पुढे गेला, तेव्हा अधिकारी हळूच म्हणाला, “चाचा, यहाँ हाजिरी नहीं होती. ये सहमति का रजिस्टर है, आपत्ति का वो था. एक घर, एक ही दस्तखत.” दुसरी, हरकतींची वही कोरी होती. सुखराम तिची पाने उलटत राहिला. मागच्या रांगेतून सिंधुताई ओरडल्या, “बोल नं गा, कोनाले भेतं? सारी गल्ली तुया मांगं हाय!”